नुसते ओठ हलवू नका

 

आजचा विषय आहे उपासनेतलं गाणं. चर्चमध्ये, घरच्या प्रार्थनेत, महिला मंडळाच्या सभेत आपण जी गीतं म्हणतो, त्यांच्याबद्दल आज बोलू. हा कार्यक्रम ऐकणाऱ्या सगळ्याच बाया ख्रिस्ती नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण भजनाला, हरिपाठाला, आरतीला बसणाऱ्या बायांनाही यातलं बरंच आपलं वाटेल. कारण "माझा आवाज काही चांगला नाही गं, तुम्ही म्हणा, मी ऐकते" हे वाक्य सगळ्या गावांत सारखंच ऐकू येतं.

मी नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावची. आमची मंडळी, म्हणजे चर्चला येणारी माणसं, चाळीसेक घरांची आहे. रविवारी मी तिथे पेटी वाजवते आणि गीत उचलून देते. मी काही मोठी गायिका नाही. वडिलांच्या शेजारी बसून पेटी शिकले, तेवढीच माझी विद्या. आणि आज मी जे सांगणार आहे त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून होते.

काही वर्षांपूर्वी नाताळाच्या आधी आजूबाजूच्या मंडळ्यांतल्या महिलांची गीतस्पर्धा होती. आम्ही बारा जणी तयारीला लागलो. स्वयंपाकपाणी उरकून रोज संध्याकाळी जमायचो. त्यात एक आजी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांना लिहायला-वाचायला येत नाही. पण 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातली कितीतरी गीतं त्यांना तोंडपाठ, अगदी शेवटच्या कडव्यापर्यंत. आवाज मात्र जाडाभरडा, आणि सूर पेटीला सोडून. त्यात आवाज मोठा. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाका मारून कमावलेला.

तिसऱ्या संध्याकाळी मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "आजी, तुम्ही आमच्यात उभ्या राहा, पण स्पर्धेच्या दिवशी नुसते ओठ हलवा. आवाज काढू नका."

आजी जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं बाई."

आमचा दुसरा नंबर आला. भिंतीवरचं एक घड्याळ बक्षीस मिळालं. ते आम्ही चर्चमध्ये लावलं. फोटो काढले, चहा झाला.

पुढच्या रविवारी आजी नेहमीच्या जागेवर बसल्या, बायकांच्या बाजूला मागच्या सतरंजीवर. गीत सुरू झालं. आजींचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मला वाटलं, घसा बसला असेल. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. खरं सांगते, मी मनात म्हटलं, बरंच झालं, आता पेटीचा सूर नीट ऐकू येतो.

जानेवारी संपता संपता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बायकांच्या बाजूने गाणंच येईनासं झालं होतं. पुढे बसलेल्या, हातात पुस्तक घेतलेल्या पोरी म्हणत होत्या. पुरुषांकडून थोडा आवाज येत होता. मागच्या सतरंजीवर मात्र सगळं गप्प. उपासना सुटल्यावर मी तिथल्या एकीला विचारलं, "का गं, तुम्ही कुणीच का म्हणत नाही?" ती म्हणाली, "आम्हाला कुठं वाचता येतं? आम्ही आजीच्या तोंडातनं शब्द उचलायचो. आता आजीच म्हणत नाही."

मी एका बाईला गप्प केलं असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात एक अख्खी सतरंजी गप्प झाली होती.

त्या संध्याकाळी मी आजींच्या घरी गेले. त्या दारात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "राग न्हाई आला बाई. तू शिकलेली, तुला सूर कळतो. मला आपलं वाटलं, इतकी वर्षं माझ्या आवाजाचा देवालाबी तरास होत आसंल."

यावर काय बोलावं मला सुचेना. मी त्यांच्याजवळ बसले आणि शेंगा फोडू लागले. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. माझ्या एका सूचनेने ही बाई स्पर्धेतूनच नाही, देवापासूनही चार पावलं मागे सरकली होती. तेव्हा मी शास्त्र उघडलं आणि आजींचाच प्रश्न घेऊन वाचायला बसले. बेसूर आवाजाचा देवाला त्रास होतो का?

पवित्र शास्त्रात स्तोत्रसंहिता नावाचं पुस्तक आहे. त्यात १५० स्तोत्रं आहेत, म्हणजे देवापुढे गायची गाणीच. त्यातलं १०० वं स्तोत्र आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतं. त्यात सगळ्या पृथ्वीला देवाचा जयजयकार करायला सांगितलं आहे. मूळ इब्री भाषेत तिथे जो शब्द आहे, त्याचा अर्थ मोठ्याने आरोळी ठोकणं असा होतो. लढाईला निघालेली माणसं जी गर्जना करतात, नवा राजा पाहिल्यावर लोक जो जयघोष करतात, त्यालाही हाच शब्द वापरला आहे. आता तुम्हीच सांगा, आपल्या गावचा पैलवान कुस्ती मारतो तेव्हा आपण कोणत्या पट्टीत ओरडतो? तिथे कुणी सूर तपासत नाही. आनंद झाला की आवाज फुटतो. स्तोत्र तोच आवाज मागतं, आणि तो सगळ्या पृथ्वीकडे मागतं. चांगल्या गळ्याच्या माणसांची वेगळी यादी तिथे केलेली नाही.

आता कुणी म्हणेल, मग शिकलेल्या गाण्याला काहीच किंमत नाही का? तसं नाही. त्याच शास्त्रात इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात लिहिलं आहे की दावीद राजाने मंदिराच्या सेवेसाठी गाणारे-वाजवणारे नेमले. गाण्यात तरबेज अशी ती २८८ माणसं होती. म्हणजे रियाजाला मान आहे, कसबाला जागा आहे. पण ही २८८ माणसं गात होती म्हणून बाकीच्या लोकांनी तोंड मिटून बसावं, असं कुठे सांगितलेलं नाही. स्तोत्रांमधून सगळ्या लोकांना पुन्हा पुन्हा हाक घातली आहे, तुम्हीही गा म्हणून.

पुढे येशूची गोष्ट पाहा. ज्या रात्री त्याला धरून नेलं, त्या रात्री शिष्यांबरोबर शेवटचं जेवण झाल्यावर ते सगळे एक स्तोत्र गाऊन मग जैतुनांच्या डोंगराकडे गेले, असं शुभवर्तमानात आहे. कोण होते हे शिष्य? कुणी मासे धरणारा, कुणी जकात वसूल करणारा. त्यांचे आवाज कसे होते हे कुणीही लिहून ठेवलेलं नाही. ते गायले, एवढंच लिहिलं आहे. उद्या काय होणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो त्यांच्याबरोबर गायला.

पौल आणि सीला यांना फिलिप्पै शहरात फटके मारून तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत होते, गात होते, आणि बाकीचे कैदी ऐकत होते. मार खाऊन सुजलेल्या अंगाने, अंधारात, कसला सूर लागला असेल? पण त्या रात्री त्या कैद्यांना तेच गाणं हवं होतं.

याच पौलाने पुढे मंडळ्यांना पत्रं लिहिली. त्यात तो गाण्याबद्दल दोन गोष्टी सांगतो. देवासाठी मनापासून गा. आणि गीतांनी एकमेकांशी बोला, एकमेकांना शिकवा. ही दुसरी गोष्ट मी इतकी वर्षं वाचत होते, पण ती मला कळली आजींमुळे. गाणं वर देवाकडे जातं, तसंच ते शेजारणीकडेही जातं. आजी मागच्या सतरंजीला शिकवत होत्या. आपण शिकवतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. सूर चुकला तरी शब्द पोहोचत होते.

मैत्रिणींनो, साध्या माणसांच्या तोंडचं गाणं काढून घेण्याची चूक माझ्या आधीही झालेली आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर. ख्रिस्तानंतर चौथ्या शतकात, आज जिथे तुर्कस्तान आहे त्या भागात, लावदिकिया नावाच्या ठिकाणी चर्चच्या पुढाऱ्यांची सभा भरली. तिने ठरवलं की नेमलेल्या गायकांनीच चर्चमध्ये गावं. पुढे युरोपात शेकडो वर्षं उपासनेतलं बरंचसं गाणं धर्मगुरू आणि गायकवृंद यांच्याकडेच राहिलं, तेही लॅटिन भाषेत. शेतकरी, विणकर, त्यांच्या बाया उभ्या राहून ऐकत.

जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी हे बदलायला घेतलं. लोकांनी आपल्या बोलीत गावं म्हणून त्यांनी स्वतः गीतं लिहिली. १५२४ साली जे पहिलं छोटं पुस्तक निघालं त्यात फक्त ८ गीतं होती. आठच. पण ती लोकांच्या भाषेत होती, म्हणून घरोघर गेली. कॅथलिक चर्चमध्येही १९६३ साली व्हॅटिकनच्या मोठ्या परिषदेने उपासनेत लोकभाषेला जागा दिली, आणि उपासनेत सगळ्या लोकांनी जाणतेपणाने भाग घ्यावा, नुसतं बघत बसू नये, असं सांगितलं. त्यानंतर आपल्या वसईच्या बायांनाही मिस्सा मराठीतून म्हणता येऊ लागली. ज्यांना आज सत्तर-ऐंशीच्या घरातल्या बाया भेटतील, त्यांनी जरूर विचारा, लॅटिनमधली उपासना कशी असायची आणि मराठीत आल्यावर काय वाटलं.

आपल्याकडे मराठीत हे काम कुणी केलं? फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून गोव्यात आलेले धर्मगुरू. त्यांनी 'क्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ साली छापलं गेलं. त्यात ख्रिस्ताची सगळी कथा आहे, आणि ती ओवीत आहे. ओवी का? कारण ओवी इथल्या माणसांच्या जिभेवर होती.

त्यानंतर नाव येतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५, मृत्यू १९१९. आमच्या नगरमध्ये त्यांनी बरीच वर्षं काम केलं. त्या काळी चर्चमधली बरीच गीतं इंग्रजीवरून मराठीत आणलेली आणि विलायती चालींवर म्हटली जाणारी होती. खेड्यातल्या माणसाच्या गळ्याला ती चाल बसायची नाही, मग त्याला वाटायचं आपल्याला गाताच येत नाही. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे सगळं ख्रिस्ती उपासनेत आणलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा अर्थाचं ते सांगत. त्यांची गीतं आज शंभर वर्षांनंतरही आम्ही टाळ-ढोलकीवर म्हणतो. आमच्या आजींना जी गीतं पाठ आहेत, त्यांतली बरीच टिळकांचीच. चाल ओळखीची होती म्हणून तर वाचता न येणाऱ्या बाईला ती पाठ झाली.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. टिळकांमागे त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे मोठं काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्यांचं 'स्मृतिचित्रे' आज मराठीतलं नावाजलेलं पुस्तक आहे. मला लिहिता येत नाही, मी कशी लिहू, असं म्हणून त्या बसल्या असत्या तर? मला यातून एवढंच दिसतं की देवाच्या कामात आधी परीक्षा पास व्हावी लागत नाही.

आणि बायांनो, ओवी म्हटलं की मला आपल्या आज्या-पणज्या आठवतात. पहाटे जात्यावर बसायच्या. एक घास जात्यात, एक ओवी ओठावर. त्यांच्यात कधी कुणी म्हटलं का, की हिचा आवाज चांगला नाही, हिने मुक्याने दळावं? जात्याची घरघर हीच त्यांची पेटी. भावाची आठवण, सासरचा जाच, विठ्ठलाची ओढ, लेकीची काळजी, सगळं त्या ओवीत जायचं आणि मन हलकं व्हायचं. गाणं ही ऐकवायची वस्तू झाली ती रेडिओ, टीव्ही आणि मोबाईल आल्यावर. आता आपण दिवसभर निवडक गळ्यांची निवडक गाणी ऐकतो आणि आपला आवाज त्यांच्याशी ताडून बघतो. मग लाज वाटते. त्या गाण्यांमागे किती दिवसांचा सराव असतो, किती वेळा ते पुन्हा पुन्हा गाऊन घेतात, यंत्रावर किती दुरुस्ती करतात, हे आपल्याला दिसत नाही.

लाज वाटायचं आणखी एक कारण असतं. लहानपणी कुणीतरी हसलेलं असतं. शाळेत बाईंनी मागे उभं केलेलं असतं, नवऱ्याने थट्टा केलेली असते. मंडळातल्या बायांशी बोलताना मला हे पुन्हा पुन्हा ऐकायला मिळालं. एक बोल चाळीस वर्षं घशात अडकून राहतो. माझ्यासारखीने "नुसते ओठ हलवा" म्हटलं, ते तशाच बोलांपैकी एक.

पण दुःखाच्या घरी काय होतं बघा. आमच्यात कुणी वारलं की रात्री माणसं जमतात आणि गीतं म्हणतात. तिथे सगळ्यांचे गळे दाटलेले असतात. एकीचा आवाज फुटतो, ती थांबते, दुसरी पुढची ओळ उचलते, तिचा थांबतो, तिसरी उचलते. अशी रात्र सरते. त्या रात्री कुणी सुरात नसतं, आणि ते गाणं मात्र त्या घराला धरून ठेवतं. दुःखात आपल्याला शेजारणीचा बेसूर आवाज चालतो, किंबहुना हवा असतो. मग रविवारच्या आनंदात तो का चालू नये?

आता कुणी विचारेल, एखादी खरोखरच सगळ्यांना खेचून दुसरीकडे नेत असेल तर? रास्त प्रश्न आहे. मेथडिस्ट चर्चची सुरुवात ज्यांच्यापासून झाली त्या जॉन वेस्ली यांनी १७६१ साली लोकांना गाण्याबद्दल काही सूचना दिल्या होत्या. मला त्या फार शहाणपणाच्या वाटतात. ते सांगतात की सगळ्यांनी गावं, थकवा वाटला तरी गावं. दबक्या आवाजात, अर्धमेल्यासारखं म्हणू नये, दम लावून म्हणावं. आणि त्याचबरोबर सांगतात की आपलाच आवाज वर यावा म्हणून ओरडू नये, सगळ्यांबरोबर चालावं, पुढे पळू नये, मागे रेंगाळू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक शब्द म्हणताना मन देवाकडे असावं. बघा, यात चांगल्या गळ्याच्या बाईलाही सूचना आहे. जी आपला गोड आवाज दाखवायला वर चढते, तीही सगळ्यांना सोडूनच जाते.

सूर न लागणं हा बहुतेक वेळा कायमचा दोषही नसतो. ज्यांना सुरांतला फरक ऐकूच येत नाही अशी माणसं असतात, पण फार थोडी. बाकीच्यांचा कान आणि गळा यांची गाठ पडलेली नसते, एवढंच. पोळी जशी करत करत गोल होते, तसा सूरही म्हणत म्हणत लागतो. गप्प बसून तो कधीच लागत नाही.

त्या वर्षानंतर आम्ही आमच्या मंडळीत काही गोष्टी बदलल्या. तुमच्या गटालाही उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, पट्टी खाली आणली. मी माझ्या गळ्याला बरी पडेल अशी वरची पट्टी धरायची. वयस्क बायांचा आवाज तिथपर्यंत चढत नाही. वय वाढलं की आवाज खाली उतरतो. आता मी दोन सूर खालून सुरू करते. यामुळे निम्म्या जणी आपोआप गायला लागल्या. त्यांचा आवाज खराब नव्हता, माझी पट्टी चुकीची होती.

दुसरी गोष्ट, ओळ आधी सांगायची. नवीन गीत असेल तर मी एक ओळ म्हणते, मग सगळे ती ओळ म्हणतात. पुस्तक वाचता येत नसलं तरी अडत नाही.

तिसरी, एक नवं गीत महिनाभर म्हणायचं. दर रविवारी नवं गीत आणलं की फक्त पुढच्या दोन ओळी गातात.

चौथी, पेटी, ढोलकी आणि माईकचा आवाज कमी ठेवायचा. माणसांना स्वतःचा आणि शेजारणीचा आवाज ऐकू आला पाहिजे. एखादं कडवं तर आम्ही वाद्यं थांबवून, नुसत्या टाळ्यांवर म्हणतो. तेव्हा सगळे जास्त मोकळेपणाने गातात.

पाचवी, चांगलं गाणाऱ्या सगळ्या जणींनी पुढे घोळका करून बसायचं नाही. चार जणी चार ठिकाणी बसायचं. सूर न लागणारीच्या शेजारी सूर पक्का असलेली बसली, की दोघींचं काम होतं. तिला मात्र आधीच सांगून ठेवायचं, कोपर मारायचं नाही, वळून बघायचं नाही.

सहावी, जिचा सूर सुटतो तिने पहिलं कडवं हळू म्हणावं आणि शेजारणीचा आवाज कानाने धरावा. दुसऱ्या कडव्याला आवाज वाढवावा. थांबू मात्र नये. आणि जिला आजारपणामुळे म्हणताच येत नाही, तिच्या हातात टाळ द्यावेत.

आणि शेवटची, लेकरांना हसायचं नाही. लहान पोर बेसूर गात असेल तर गाऊ द्यावं. त्या वयात मिटलेलं तोंड पुन्हा उघडायला फार कष्ट पडतात.

आता तुम्ही विचाराल, आजींचं पुढे काय झालं? मी माफी मागितली म्हणून त्या दुसऱ्या दिवशी गायला लागल्या, असं झालं नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. ओठ हलत राहिले. मी दर रविवारी मागे बघायचे आणि मान खाली घालायचे.

मग पुनरुत्थानाचा रविवार आला. त्या दिवशी आम्ही पहाटे, उजाडायच्या आधी, कबरस्तानात उपासना करतो. येशू पहाटे उठला आणि ती बातमी आधी बायांना कळली, त्याची ती आठवण. तिथे पेटी नेत नाही. त्या वर्षी वीजही गेलेली होती. मी गीत उचललं. पहिलं कडवं झालं आणि दुसरं मला आठवेना. मला कायम पुस्तकात बघून म्हणायची सवय, आणि अंधारात पुस्तकाचा काय उपयोग? पुढच्या पोरीही थांबल्या. क्षणभर सगळे गप्प. आणि मागून तो जाडाभरडा आवाज आला. शब्द बिनचूक, सूर नेहमीसारखाच. मागच्या बायांनी तो उचलला, मग आम्ही उचलला. आजींनी पाचही कडवी म्हणून दाखवली. मला वाटतं, आम्हाला त्यांची गरज आहे हे त्यांना त्या दिवशी दिसलं. माझ्या माफीने ते दिसलं नव्हतं.

पुढच्या नाताळाला पुन्हा स्पर्धा होती. आम्ही आजींसकट उभ्या राहिलो, आणि आजी मोठ्याने गायल्या. आमचा नंबर आला नाही. आमच्यातल्या दोघी-तिघी नाराज झाल्या, एकीने तर मला बोलूनही दाखवलं. मी म्हटलं, घड्याळ आपल्याकडे एक आहे, दुसरं कशाला? पण त्यांचं वाईट वाटणं मला कळत होतं. त्यांनीही मेहनत घेतली होती. स्पर्धा वेगळी आणि उपासना वेगळी, हे आम्ही तेव्हापासून मनाशी पक्कं केलं. स्पर्धेला जायचं तर ज्यांना हौस आहे त्यांनी तयारी करून जावं. उपासनेत मात्र कुणाला निवडायचं नाही आणि कुणाला वगळायचं नाही.

मैत्रिणींनो, या आठवड्यासाठी एक छोटं काम देते. तुमच्या गटात, मंडळात, सतरंजीवर कोण गप्प बसते ते बघा. तिला पुढे ओढू नका, तिची परीक्षा घेऊ नका. तिच्या शेजारी जाऊन बसा आणि तिला ठाऊक असलेलं एक गाणं हळू आवाजात सुरू करा. आणि ती गप्प बसणारी तुम्ही स्वतःच असाल, तर आज भाकरी थापताना एक गीत मोठ्याने म्हणा. घरात कुणी हसलं तर हसू द्या. ज्याच्यासाठी म्हणता आहात, त्यानेच तो आवाज तुम्हाला दिलेला आहे.

आजी आजही तिसऱ्या सतरंजीवर बसतात. सूर अजून लागलेला नाही. परवा मला म्हणाल्या, "बाई, तुझी पेटी जरा माझ्यामागं यायला लागलीया." मी म्हटलं, "आजी, आता तिला तीच सवय लागली आहे."

सलाम. पुन्हा भेटू.